एडवर्ड पुरळकर

पडेल तिठ्यावर माझं ई-सेवा केंद्र.
झेरॉक्स दोन रुपये, प्रिंट दहा,
आधारवरच्या नावाची दुरुस्ती सरकारी दराने.
दिवसभर मी नावंच सरळ करते,
कुणाचा काना उडालेला, कुणाचा बाप चुकलेला.

बाबलकाका आले मोबाइल दोन्ही हातांत धरून,
काठोकाठ भरलेली वाटी आणावी तसा.
"वाच गो, इंग्रजीत आसा."
मी वाचलं.
बॅरिस्टर विल्यम होप, मुक्काम लोमे,
अत्यंत दुःखाने कळवतात की
आपले आप्त इंजिनीअर एडवर्ड पुरळकर
मोटार अपघातात पत्नी आणि मुलीसह वारले.
मागे पंच्याण्णव लाख डॉलर. वारस नाही.

मला हसूच फुटलं.
एडवर्ड! पुरळकरांत!
काका हसले नाहीत.
बंदरखात्यात तीस वर्षं त्यांनी लाँचची तिकिटं फाडली,
कोण चढला, कोण उतरला, तोंडपाठ.
एकाचाच हिशोब लागत नव्हता:
आजोबांचा धाकटा भाऊ, बोटीवर खलाशी गेलेला.
मोंबासाहून एक पत्र, आणि मग काही नाही.
"तेचोच नातू आसतलो," म्हणाले,
"थंय नाव बदलल्यान, आडनाव मात्र राखल्यान."
घरी जाऊन विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं.
तीन दिवस सुतक पाळलं.

पैसे त्यानंतर गेले.
आधी अर्जाची फी, मग मुद्रांक,
मग हा पैसा दहशतवाद्यांचा नाही असा दाखला.
गोठ्याच्या पत्र्यांसाठी ठेवलेले अडतीस हजार
पतपेढीतून एका खात्यावर,
ज्याच्या मालकाला बहुधा ठाऊकही नसेल
आपण मालक आहोत ते.
प्रत्येक पत्राची प्रिंट मी काढली.
प्रत्येकी दहा रुपये घेतले.
हेही इथे लिहून ठेवते.

बॅरिस्टरने ओळखपत्र पाठवलं, मग बँकेच्या डायरेक्टरने.
चेहरा एकच. टायसुद्धा तोच.
काकांना दाखवलं.
"भाव-भाव आसतीत," म्हणाले.

कोण असेल तो, टायवाला नसलेला?
माझ्यासारख्याच एखाद्या खोलीत,
पंखा खडखडतोय, वीज जाते-येते,
आणि जेवताना आई विचारते, दमलास का रे,
त्याच्या खऱ्या नावाने.
मलाही लग्नात ताटातल्या तांदळावर
अंगठीने दुसरं नाव लिहून दिलं.
बारा वर्षं त्या नावाने हाकेला ओ देतेय,
आधारवर अजून पहिलंच आहे.
गावाची दुरुस्त करते, माझं राहून गेलं.
पण मी कुणाचं मरण रचलं नाही,
त्या रात्री एवढाच फरक
घट्ट धरून पडले होते.

पैसे संपले तशी पत्रं थांबली.
म्हटलं, काका, सायबरला तक्रार करू.
"कोणाच्या नावार?"
मी कीबोर्डवर बोटं ठेवली
आणि तशीच ठेवून राहिले.

भाद्रपदात त्यांच्याकडे म्हाळ होता.
मी गेले. मागच्या पडवीबाहेर
दरवर्षीपेक्षा एक पान जास्त.
वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर.
काकांनी त्या पानावर दोन्ही वाढलं,
"एडवर्डाक गोड आवडायचा की तिखट,
कोणाक ठावक."
कावळे माडावर बसून राहिले बराच वेळ.
बायका आत कुजबुजल्या. कुणी काही बोललं नाही.
मग सगळ्या पानांवर एकदमच उतरले,
कुठलं कुणाचं ते बघितलं नाही.

दिवाळीच्या आठवड्यात ते पुन्हा केंद्रावर.
पत्र नवं: मिसेस लिंडा एडवर्ड पुरळकर,
दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेल्या,
देवाच्या कार्याला सारी संपत्ती देऊ इच्छितात,
विश्वासू माणूस हवा.
मी म्हटलं, काका, ही तर अपघातात,
आठवतंय ना,
पहिल्याच पत्रात.

काकांनी चष्मा काढला.
धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला,
आणि स्क्रीनकडे बघत, हळूच,
लाँचवरून शेवटचा माणूस उतरताना मोजावा तसे म्हणाले,
"म्हणजे बायल वाचली."

प्रिंट नको म्हणाले.
मी दहा रुपये मागितलेही नव्हते.